वाचकांचे प्रश्न : लाईट आल्यावर सर्व्हर का अडून बसतो?

प्रश्न : आमच्या केळी उत्पादक संस्थेत जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १० (लिनक्सची एक आवृत्ती) टाकून रोजचे भाव दाखवणारी साईट चालवतो. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, कीबोर्ड-माउसही काढले. लाईट गेली-आली की मशीन सुरू होतं, पिंगला उत्तर देतं, पण एचटीटीपीएस आणि एसएसएच (दुरून लॉगिन) चार-पाच मिनिटं उघडत नाही. कीबोर्ड लावून थोड्या कळा बडवल्या की सुटतं. एकाने ‘आरएनजीडी’ला (यादृच्छिक आकड्यांचा साठा भरणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘डेव्ह-यूरँडम’ (लिनक्सच्याच साठ्यातून आकडे देणारी फाइल) जोडायला सांगितलं आहे. जोडू का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : जोडू नका. कळा बडवल्यावर सुटतं, यातच दुखणं कळतं. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कुलूप) जोडणी जुळवताना सर्व्हरला ३२ बाइट यादृच्छिक आकडे आणि एक तात्पुरती चावी लागते. ते आकडे कुणाला ताडता आले तर कुलूप असून नसल्यासारखं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ते मिळवतो वेळांमधल्या बारीक फरकांतून : कळ कधी दाबली, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) कधी आला, डिस्कचं काम कधी संपलं. तुम्ही कीबोर्ड आणि फिरती डिस्क दोन्ही काढलीत, आणि एसएसडीच्या वेळा या कामी सहसा धरल्या जात नाहीत. म्हणून पुरेसा साठा होईपर्यंत कर्नल ‘गेटरँडम’ने आकडे मागणाऱ्या प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. थांबवतो हेच बरं. कच्च्या आकड्यांवर चावी बनली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

खात्री करायची तर मशीन सुरू झाल्यावर ‘डीमेसेज’ ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवा आणि ‘सीआरएनजी इनिट डन’ (साठा तयार झाला) ही ओळ शोधा. तिच्या डावीकडे चौकटी कंसात सेकंद असतात. तिथे तीनशेच्या आसपास आकडा दिसला, तर तेवढा वेळ साईट आकड्यांसाठीच खोळंबली होती.

‘यूरँडम’ जोडणं म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी उपसून परत तिच्यातच ओतायचं आणि पाणी वाढलं म्हणून लिहून ठेवायचं. हिशेब फुगतो, साठा तेवढाच राहतो.

आधी ‘सीपीयूइन्फो’ फाइलच्या फ्लॅग्जमध्ये ‘आरडीरँड’ (प्रोसेसरनेच यादृच्छिक आकडे देण्याची सोय) आहे का बघा. इंटेलमध्ये ही सोय २०१२च्या आयव्ही ब्रिजपासून आली, त्यामुळे जुन्या प्रोसेसरवर ती नसेल. मग आजच्या आज ‘हॅव्हेजडी’ पॅकेज बसवा. प्रोसेसरच्या वेळेतल्या चढउतारांतून ते साठा भरतं. खरा इलाज मात्र कर्नल बदलणं हाच. ५.४ पासून कर्नल स्वतःच तशा चढउतारांतून सुरुवातीचा साठा जमवतो. डेबियन १० वरून आधी ११ आणि मग १२ अशा क्रमाने चढा. एकदम उडी मारली तर पॅकेजेस अडकतात. शिवाय १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती जून २०२४ मध्ये थांबली आहे, तेव्हा हे तसंही करायचंच आहे.

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर ‘एंट्रॉपी-अव्हेल’ (यादृच्छिक साठा किती भरला ते सांगणारी फाइल) कायम २५६ दाखवतं. पूर्वी तीन हजारांच्या वर असायचं. कमी पडतंय का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही. जुना साठा ४०९६ बिटांचा होता, कर्नल ५.१८ पासून तो २५६ चा आहे. २५६ म्हणजे काठोकाठ भरलेला. एकदा भरला की वापरल्याने तो आटत नाही. काहीही बसवू नका.

प्रश्न : एक व्हर्च्युअल मशीन तयार करून तिच्या पाच प्रती काढल्या. यात धोका आहे का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. पाचही मशीनची एसएसएच होस्ट-चावी (सर्व्हरची ओळख पटवणारी) एकच असेल. साठवलेलं ‘रँडम-सीड’ही (पुढच्या वेळी साठ्यात मिसळायचं बीज) तेच. डिस्कची अशी नक्कल होऊ शकते म्हणूनच सिस्टमडी (मशीन सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) ते बीज साठ्यात मिसळतं, पण साधारणपणे हिशेबात धरत नाही. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटभरच्या चाव्या गोळा करून तपासल्या, तेव्हा सुमारे अर्धा टक्का टीएलएस होस्टच्या खाजगी चाव्या त्यांना काढता आल्या. दोन आरएसए चाव्यांत (दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर बेतलेल्या) एक मूळ संख्या सामायिक निघाली की साध्या मसाविने दोन्ही फुटतात. बहुतेक राउटरसारखी उपकरणं होती, पहिल्यांदा सुरू होतानाच चावी बनवणारी.

प्रती काढण्याआधी मूळ मशीनमधल्या होस्ट-चाव्या आणि रँडम-सीड पुसा, ‘मशीन-आयडी’ची फाइल रिकामी करा. प्रत्येक प्रतीला ‘व्हर्टआयओ-आरएनजी’ जोडा, म्हणजे तिला यजमान मशीनकडून आकडे मिळतील. डेबियनमध्ये होस्ट-चाव्या आपोआप परत बनत नाहीत. प्रतीच्या कन्सोलवर जाऊन ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने ओपनएसएसएच-सर्व्हर पुन्हा जुळवा. शेवटी पाचही मशीनचे चावीचे ठसे शेजारी ठेवून वाचा; दोन जरी सारखे निघाले तरी त्या दोन्ही चाव्या नव्याने बनवा.