छापील रेंज आणि घाटातली रेंज

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही इलेक्ट्रिक मोटार घेतली. बॅटरी 40 युनिटांची असून एका चार्जिंगमध्ये गाडी साडेचारशे किलोमीटर जाते, म्हणजे तिची रेंज तेवढी आहे, असे माहितीपत्रकात छापले आहे. बेळगावहून पुणे सुमारे 340 किलोमीटर, म्हणजे एका दमात पोहोचू, या हिशेबाने निघालो; पण साताऱ्यातच मीटर 15 टक्क्यांवर आला. आमची फसवणूक झाली, की गाडीत दोष आहे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून गाडीत दोष दिसत नाही. साताऱ्यापर्यंत साधारण 230 किलोमीटर होतात आणि त्यासाठी 34 युनिटे खर्च झाली, म्हणजे शंभर किलोमीटरला 15 युनिटांच्या आसपास. हायवेवर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या या आकाराच्या गाडीला एवढी वीज लागतेच.

माहितीपत्रकातील आकडाही खोटा नसतो, मात्र तो आपल्या रस्त्यावरचा नसतो. आपल्याकडे ही चाचणी ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरवून दिलेल्या क्रमाने होते. बंद खोलीत गाडीची चाके रोलरवर फिरवतात, एसी बंद असतो, शहरी टप्प्यात वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर जात नाही आणि शहराबाहेरच्या टप्प्यातही तो 90 वर थांबतो. थांबे धरून संपूर्ण चक्राचा सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या घरात येतो. एवढ्या सावकाश कोणी पुण्याला जात नाही. युरोपातील सध्याच्या चाचणीत वेग 131 पर्यंत जातो, त्यामुळे तीच गाडी तेथे कमी रेंज दाखवते.

वेगाचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण पेट्रोल गाडीच्या सवयीमुळे येथेच आपली गफलत होते. पेट्रोलचे इंजिन शहरातील थांबत-चालत जाण्यात इंधन वाया घालवते आणि हायवेवर चांगले मायलेज देते. विजेची मोटर थांबल्यावर जवळपास काहीच खात नाही, शिवाय वेग कमी करताना थोडी वीज बॅटरीत परत भरते; हायवेवर मात्र ब्रेक क्वचितच लागतो आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. म्हणूनच शहरात छापील आकड्याच्या जवळ जाणारी गाडी निपाणी ओलांडेपर्यंत आपल्याला घाबरवू लागते.

खानापूरकरांना वेगाइतकाच विचार घाटाचा करावा लागतो. मागे एका स्नेह्यांच्या 40 युनिटांच्याच गाडीतून आम्ही गोव्याहून चोर्ला घाटाने परतलो, तेव्हा घाटाखालच्या साखळी गावात मीटरवर 58 टक्के होते आणि घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला पोहोचेपर्यंत 41 उरले. अंतर तीसएक किलोमीटरच होते! जाताना याच उतारावर आकडा जवळजवळ हलला नव्हता. हिशेब सरळ आहे : माणसांसह 1,700 किलोची गाडी साडेसातशे मीटर वर चढवायची, तर त्या चढासाठीच साडेतीन युनिटे लागतात, आणि मोटरमधील तूट धरली तर चार. म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, सगळा नाही. चाचणीच्या रोलरला चढ नसतो, त्यामुळे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ये-जा करणाऱ्या आपल्या भागात छापील आकडा अधिकच फसवा ठरतो.

माझ्या मते विक्रेत्याने ग्राहकाला किलोमीटरपेक्षा ‘शंभर किलोमीटरला किती युनिट’ हे शहर, हायवे आणि घाट असे वेगवेगळे सांगितले पाहिजे. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या कुटुंबाला एवढे कळण्याचा हक्क आहे. तोवर आपण स्वतःच आठ-पंधरा दिवस मीटरवरील ही नोंद वहीत लिहून ठेवावी. लांबच्या प्रवासात बॅटरी 10 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये आणि वाटेतल्या फास्ट चार्जरवर 80 टक्के झाल्यावर निघावे, कारण त्यापुढे चार्जिंग बरेच मंदावते. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यासाठी हाताशी 28 युनिटे राहतात, आणि आपल्या खर्चाने त्यांत 185 किलोमीटर होतात. घरून पूर्ण चार्ज करून निघाल्यास पुण्यासाठी एक थांबा पुरे. तो कराडच्या आसपास, जेवणाच्या वेळी घ्यावा.

प्रश्न : रेंज वाचवण्यासाठी हायवेवर एसी बंद ठेवावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : त्याची फारशी गरज नाही. एसी वेळेप्रमाणे वीज खातो, अंतराप्रमाणे नाही. तासाला एक युनिट धरले, तर ताशी 80 ने जाताना किलोमीटरमागे एका युनिटाचा ऐंशीवा भाग जातो, आणि गर्दीत ताशी 20 ने सरकताना विसावा. हायवेवर काचा उघड्या ठेवल्याने हवेचा अडथळा वाढतो, तो तोटा वेगळाच. त्यापेक्षा टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासावी, विशेषतः पावसाळ्यात, कारण पाणी साचलेल्या रस्त्यावर चाकांना मुळातच अधिक जोर लागतो.