सहा वर्षांची ‘पक्की’ सीट घ्यावी का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे, फार्मसिस्ट व्हायचं म्हणते. बारावीनंतर थेट सहा वर्षांच्या फार्मडीला (अमेरिकेत फार्मसिस्ट व्हायला लागणारी पदवी) घालावं, की आधी चार वर्षांची साधी पदवी करू द्यावी आणि मग चार वर्षांची फार्मडी, असं तुम्ही विचारलंय. सांगलीत मेडिकल चालवणारे तुमचे दीर म्हणतात, पक्की सीट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, नाहीतर इकडे बी.फार्मला पाठवा.

बी.फार्मचं आधी सांगते. २००३ पासून पुढे बाहेरच्या देशात पदवी घेतलेल्याला अमेरिकेत परवान्याच्या वाटेला लागायचं, तर त्याचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा लागतो. आपली बी.फार्म चार वर्षांची. भारतातली सहा वर्षांची फार्मडी चालते, पण पुढे परदेशी पदवीधरांची वेगळी परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, इंटर्नशिप. तिथेच वाढलेल्या मुलीला हा वळसा नको.

आता ‘पक्की’ सीट. तुमच्या जवळ न्यू जर्सीचं रटगर्स आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं सेंट जॉन्स ही विद्यापीठं आहेत, दोन्हीकडे शाळेतून थेट प्रवेश आहे. दोन वर्षं पायाभूत विषय, मग चार वर्षं फार्मसी. मधे सगळ्या देशातल्या मुलांशी पुन्हा स्पर्धा करावी लागत नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ. अटी असतातच. ठरावीक जीपीए (सगळ्या विषयांची सरासरी ग्रेड), ऑरगॅनिक केमिस्ट्रीसारख्या विषयांत किमान ग्रेड, काही विद्यापीठांत मुलाखतसुद्धा. पहिल्या वर्षी घर सोडून राहिलेली हुशार मुलंही केमिस्ट्रीत गडबडतात. तेव्हा एक विषय गेला तर पुन्हा देता येतो का, की जागाच जाते, हे कॉलेजकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

माझं स्पष्ट मत असं, की या हमीला पूर्वीइतकं मोल राहिलेलं नाही. फार्मसी कॉलेजं वाढली, अर्ज घटले. पीकॅट ही प्रवेश परीक्षाच जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. चार वर्षांनी अर्ज केला तरी तिला दार उघडं मिळण्याची शक्यता चांगली आहे. थेट प्रवेशाचा खरा फायदा म्हणजे वाचणारी दोन वर्षं आणि त्यांची फी. तो लहान नाही, पण त्यासाठी सतराव्या वर्षी पुढचं सगळं ठरवावं लागतं.

म्हणून मी आधी बाहेर पडायचा रस्ता आहे का, ते बघते. तिसऱ्या वर्षी मन बदललं तर हातात काय? बऱ्याच ठिकाणी तोवर कुठलीच पदवी मिळालेली नसते. रटगर्ससारख्या मोठ्या विद्यापीठात तिथल्या तिथे बायोलॉजी किंवा केमिस्ट्रीकडे वळायला वाव असतो. फक्त फार्मसी शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजात तो फार कमी. स्कॉलरशिप सहाही वर्षं आहे की चारच, हेही विचारा. परवान्याच्या नॅप्लेक्स परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती मुलं पास होतात, ते कॉलेजवार जाहीर होतं. तो आकडा बघितल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.

नोकरीचं चित्र तिच्यापासून लपवू नका. राइट एड या औषधदुकानांच्या साखळीची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीनेही सुमारे १,२०० बंद करायचं जाहीर केलं. पण तुमच्या राज्यात औषध कंपन्यांची दाटी आहे, आणि फार्मडीनंतर कंपनीत फेलोशिप करायची रटगर्सची योजना १९८४ पासून चालू आहे. तिला काउंटरमागे उभं राहायचंय की संशोधनात जायचंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. या उन्हाळ्यात तिला एखाद्या फार्मसीत कॅशवर किंवा इस्पितळात स्वयंसेवक म्हणून जाऊ द्या. मन टिकलं तर रटगर्सचा थेट प्रवेश पहिल्या क्रमांकावर ठेवा, आणि सोबत साध्या पदवीचे दोन-तीन अर्जही भरा.