डबे नंतर घ्या, आधी रद्दीवाल्याकडे जाऊन या

सर, तुम्ही लिहिलंय की शाळेत साडेतीनशे मुलं आहेत, एका माजी विद्यार्थ्याने पैसे दिलेत, त्यातून प्रत्येक वर्गाला तीन रंगांचे डबे घेऊन २ ऑक्टोबरला कचरा वेगळा करण्याचा उपक्रम सुरू करायचा आहे, तर साताऱ्यात डबे कुठे मिळतील? दुकानाचं नंतर बघू. आधी आमची फजिती ऐका, कारण आम्हीही नेमकं इथूनच सुरू केलं होतं.

कोरेगाव तालुक्यातली आमची शाळा. मी विज्ञान शिकवायला नवीन, उत्साह उतू चाललेला. डबे आले, नारळ फुटला, फोटो झाले. पोरं खरंच मनापासून कागद एकीकडे, प्लास्टिक एकीकडे टाकत होती. तिसऱ्या आठवड्यात सहावीतली एक मुलगी धापा टाकत आली, "बाई, सफाईच्या मावशी सगळं एकाच खड्ड्यात ओततायत." जाऊन बघते तर शाळेमागच्या खड्ड्यात तिन्ही डबे रिकामे केलेले आणि वर काडी लावलेली. मावशींची काय चूक? त्यांना कोणी विचारलंही नव्हतं नि सांगितलंही नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तो माल न्यायचा कुठे, हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पोरांचा जो विश्वास उडाला तो परत यायला दोन वर्षं गेली.

म्हणून उलट्या टोकाने चला. एका दिवसाचा सगळा कचरा जुन्या ताडपत्रीवर पसरा आणि मावशींना, शिपाईमामांना शेजारी बसवून ढीग करा. आमच्याकडे सगळ्यात मोठा ढीग कागदाचा निघाला, मग कुरकुरे-वेफर्सची पाकिटं, मग धूळ आणि पेन्सिलीचा भुसा. प्रत्येक ढिगातलं थोडं थोडं पोत्यात भरा आणि जवळच्या रद्दी-भंगारवाल्याकडे जा. तो काय घेतो, काय हातही लावत नाही, किती किलो साठलं तर टेम्पो पाठवतो, एवढं विचारून या. तो जे घेत नाही त्याच्यासाठी डबा ठेवून तुम्ही फक्त कचऱ्याची जागा बदलणार.

वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे भाव वेगवेगळे असतात. सगळं एकत्र बांधून नेलंत की सगळ्यात खालचा भाव हातात पडतो. वह्यांची प्लास्टिकची कव्हरं आणि स्पायरलची तार काढून टाका. पाण्याच्या बाटल्या आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या आमचा रद्दीवाला घेतो. कुरकुऱ्यांचं पाकीट मात्र घेत नाही, कारण प्लास्टिक आणि आतला चमकता थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. बरेच जण ही पाकिटं बाटलीत ठासून भरायला लावतात. मला ते पटत नाही. न विकलं जाणारं पाकीट तर तसंच राहतं, वर विकली जाणारी बाटलीही वाया जाते. आम्ही गेटसमोरच्या टपरीवाल्या काकांशी बोललो. पाकिटं बंद झाली नाहीत, पण बरणीतले शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की पुढे आली आणि ढीग निम्म्यावर आला.

सुरुवातीला फक्त कागद धरा. त्यातही विकायची घाई नको. एप्रिलअखेर वह्या गोळा करा, कोरी पानं काढा, दाभण-दोऱ्याने शिवून रफ वह्या करा. आमच्याकडे आठवीची मुलं हे करतात आणि जूनमध्ये पाचवीच्या मुलांना देतात. उरेल ती रद्दी. आणि कृपा करून "सगळ्यात जास्त रद्दी आणणारा वर्ग" अशी स्पर्धा ठेवू नका. आम्ही ठेवली, तर एका पठ्ठ्याने थोरल्या भावाची चालू वर्षाची जर्नल आणून काट्यावर ठेवली!

आपल्याकडच्या पावसात कागद सांभाळणं हे खरं काम आहे. पोती जमिनीवर नकोत, जुन्या बाकावर किंवा विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. ओल लागली की रद्दीवाला वजनात घट धरतो, बुरशी दिसली तर सरळ परत पाठवतो. वजन मुलांनी करायचं, वहीत लिहायचं आणि पैसे शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडायचे. रक्कम छोटी असते, पण कुजबुज मोठी होते.

दोन गोष्टी मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय पोत्यात जाता कामा नयेत. एक, उत्तरपत्रिका आणि शाळेची जुनी कागदपत्रं, कारण ती ठरावीक मुदत जपावी लागतात. दुसरं, मोडके बाक, पंखे, बंद पडलेले संगणक. शाळेच्या सामानाच्या म्हणजे जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन, म्हणजे नाव रीतसर कमी, झाल्याशिवाय त्यातला खिळाही विकता येत नाही. फुटक्या ट्यूब, सेल, प्रयोगशाळेतल्या काचा यांना मुलांनी हात लावायचा नाही.

पोषण आहाराची उरलेली खिचडी आमच्याकडे शेजारच्या म्हशीला जाते, खत करण्यापेक्षा ते बरं. खताच्या खड्ड्यात भाज्यांची देठं, सालं आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला घालतो, अधूनमधून शेणकाला. वास यायला लागला की पाला कमी पडला असं समजायचं. पाला जाळायची सवय मोडणं मात्र जड गेलं. घनकचऱ्याच्या नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवावं लागलं. "हे आपल्याकडे नाही व्हायचं" म्हणणारे भेटतीलच. त्यांना कराडचं सांगा. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत ते देशात पहिलं आलं होतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

उद्घाटन २ ऑक्टोबरलाच हवं असेल तर नारळ वजनकाट्यापुढे फोडा. डबे दिवाळीनंतर घ्या, वर्गाला तीन नाही, मजल्याला दोन, आणि बिनझाकणाचे. झाकण असलं की पोरं ते उघडत नाहीत, कागद वरच ठेवून पळतात.