बाबांचा याशिका चालेल, पण रोल धुणार कोण ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय: फिल्मवर फोटो काढायला शिकायचंय, बाबांचा याशिका एमएफ-२ कपाटात पडून आहे, तो वापरू की दहा हजारांपर्यंत दुसरा घेऊ, आणि एकूण खर्च किती येईल?

पहिले दोन रोल याशिकावरच काढा. फिक्स फोकसचा, म्हणजे लेन्स फिरवून फोकस करावा न लागणारा, साधा प्लास्टिकचा कॅमेरा आहे. सहली, बारशी, वाढदिवस यांसाठी एके काळी आपल्याकडे घराघरांत असायचा. त्यात शिकण्यासारखं फारसं नाही, पण चांगल्या उन्हात माणूस सात-आठ फुटांवर उभा केलात तर फोटो बरा येतो. मुख्य म्हणजे हा नाद आपल्याला झेपतो का, ते पैसे न घालवता कळतं. सेलचा कप्पा मात्र उघडून बघा. जुने सेल आतच गळले असतील तर पत्र्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसेल. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून ती पुसा, मग कोरड्या काडीने पुन्हा एकदा.

तुम्ही न विचारलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रोल धुणार कुठे? गल्लीतल्या स्टुडिओवाल्याकडे आता पासपोर्ट फोटो आणि फ्रेम मिळतात, रोल बहुतेक कुणी घेत नाही. पुण्या-मुंबईत लॅब आहेत, त्यांच्याकडे कुरिअरने पाठवता येतो. पाठवण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: रंगीत रोल आठवड्यातून किती वेळा धुता, आणि निगेटिव्ह परत कशी देता? रसायन तसंच पडून राहिलं की रंग बिघडतात, म्हणून पहिला प्रश्न. दुसरा अनुभवातून आलाय. एका लॅबने माझी निगेटिव्ह पट्ट्या न कापता गुंडाळी करून, रबरबँड लावून हातात दिली होती. त्या रबराचा वळ चार फ्रेमवर कायमचा उमटलाय.

खर्चाचं म्हणाल तर रंगीत रोल हजाराच्या आगेमागे, धुणं आणि स्कॅन मिळून चार-पाचशे, वर कुरिअर. फोटो 36. म्हणजे बोट दाबलं की 40-50 रुपये गेले. अर्धी मिसळ म्हणा.

सुरुवातीला कोडॅक गोल्ड 200 किंवा कलरप्लस 200 घ्या. 200 हा आकडा म्हणजे फिल्मचा वेग, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी लागतो. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त उजेड मिळाला तरी चालतो, कमी मिळाला तर मात्र सावल्या चिखलासारख्या येतात. म्हणून मी 200 चा रोल घालतो आणि कॅमेऱ्यावर 100 लावतो. लॅबला पाठवेपर्यंत किंवा प्रवासात रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. विमानात जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत तर अजिबात नको, जवळ ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

रोल भरणं हे एकच काम असं आहे की ते चुकलं तर बाकी सगळं पाण्यात. माझंच सांगतो. मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि मी नवा घेतलेला जुना कॅमेरा गळ्यात घालून मिरवत होतो. फोटोंचा आकडा 36 वर गेला, फिल्म पुढे ओढायची लिव्हर फिरतच होती. 38, 39. मला वाटलं, वा, रोल लांब निघाला, दोन-तीन फोटो फुकट! एकेचाळिसाव्याला काकांनी विचारलं, "अरे, रोल आहे ना आत?" होता. पण त्याची जीभ, म्हणजे फिल्मचं बाहेर आलेलं टोक, दुसऱ्या बाजूच्या चक्रीत अडकलीच नव्हती, आणि मी अख्खा कार्यक्रम एकाच जागी पडलेल्या फिल्मपुढे शटर उघडझाप करत काढला. त्या दिवसापासून एक सवय लागली. झाकण लावल्यावर डावीकडची रोल गुंडाळायची खुंटी हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढायचा, मग पुढचा फोटो ओढायचा. ओढताना ती खुंटी आपोआप उलटी फिरली तर फिल्म सरकतेय. ढिम्म राहिली तर झाकण उघडा आणि पुन्हा भरा. एखादी फ्रेम वाया जाईल, साखरपुडा नाही.

दोन रोलनंतरही खाज टिकली तर हाताने चालणारा एसएलआर (लेन्समधूनच दिसतं आणि लेन्स बदलता येते असा कॅमेरा) घ्या, 50 मिलिमीटरच्या लेन्ससह. पेंटॅक्स के1000, याशिका एफएक्स-३, किंवा कोसिना या जपानी कंपनीने निकॉनसाठी बनवलेला एफएम10. या तिन्हींत सेल फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला लागतो, सेल संपला तरी शटर चालतं. मीटरच बंद असेल तर जुना हिशोब आहेच: कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/16 वर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर रोलच्या आकड्याइतकं, म्हणजे 200 च्या रोलला त्याच्या जवळचं 1/250 सेकंद लावा. ढग आले की एफ/8 वर या.

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात किंवा पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जाणार असाल तर खिशात टॉर्च ठेवा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणातल्या बंद कपाटात, चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. विकणारा म्हणेल, "धूळ आहे साहेब, पुसली की जाते." जात नाही. घरी आणल्यावर ते कव्हर काढून ठेवा आणि घट्ट डब्यात सिलिका जेल घाला.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो आणि मला तरी सगळ्यात जास्त मजा त्यातच येते. अंधाऱ्या बाथरूममध्ये फिल्म धुण्याच्या उजेडबंद टाकीत भरली की पुढचं काम दिव्यात. इल्फर्ड एचपी5 या कृष्णधवल रोलला डी-76 या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) 20 अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. पुण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणीच तीसच्या आसपास असतं, त्यामुळे डेव्हलपरची बाटली बर्फाच्या बादलीत आणि बायको विचारतेय की सरबताला बर्फ कुठे गेला. नंतर चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर पाणी. शेवटचं पाणी गॅरेजमध्ये बॅटरीला मिळतं ते डिस्टिल्ड वापरा, बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर वाळतात आणि स्कॅनमध्ये प्रत्येक डाग दिसतो. रंगीत रोल मात्र लॅबलाच द्या. त्याला 38 अंश आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं लागतात, तिथे अर्ध्या अंशाचा फरकही दिसतो.

आणि हो, हे खरं तर सर्वात आधी सांगायला हवं होतं. याशिकाचं मागचं झाकण लगेच उघडू नका. गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हळूच फिरवून बघा. जरा फिरून ताण लागला तर बाबांचा शेवटचा रोल अजून आत आहे. तसं असेल तर तळाचं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळा, मगच उघडा, आणि लॅबला देताना जुना आहे म्हणून सांगा. माझ्या मामाच्या कॅमेऱ्यात असाच एक निघाला होता. 36 पैकी 11 फ्रेम आल्या, सगळ्या जांभळट आणि रवाळ. एकीत आजी अंगणात तुळशीपाशी उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे न बघता कोणाला तरी ओरडतेय. मामा म्हणाला, मलाच.