सी भाषेत तारीख-वेळ छापताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्थानिक वेळ देणाऱ्या ‘लोकलटाइम’ फंक्शनकडून आलेलं वर्ष छापलं तर १२५ दिसतं आणि मार्चच्या जागी २. घड्याळ चुकलंय का?

घड्याळ बरोबर आहे. त्या रचनेत वर्ष १९०० पासून मोजलेलं असतं आणि महिने ० ते ११ असतात. हातानं छापताना वर्षात १९०० आणि महिन्यात १ मिळवा. तारखेत मात्र काही मिळवू नका, ती १ पासूनच सुरू होते. तारीख-वेळेचा मजकूर बनवणारं ‘स्ट्रफटाइम’ वापरलंत तर ही बेरीज ते स्वतःच करतं. तिथे आधी बेरीज करून ठेवलीत, तर वर्ष ३९२५ येईल.

प्रश्न : २० बाइटचा बफर (मजकूर ठेवायची जागा) वर्षभर नीट चालला. वेळेच्या शेवटी भारताचा वेळफरक +०५:३० जोडल्यापासून कधी रिकामी ओळ येते, कधी कचरा. का?

मोजून पाहू. ‘२०२५-०३-०७ १४:०५:०९’ इंग्रजी अंकांत १९ अक्षरांचं होतं. शेवटचा शून्य बाइट धरून २०, म्हणजे बफर काठोकाठ भरलेला होता. ‘+०५:३०’ची ६ अक्षरं वाढली की २६ बाइट लागतात. मजकूर मावला नाही तर ‘स्ट्रफटाइम’ ० परत करतं आणि बफरमध्ये काय उरलं याची कसलीही हमी देत नाही. म्हणून परत आलेली किंमत तपासा आणि ती ० असेल तर बफर छापूच नका. मजकूर बफरमध्ये लिहिणाऱ्या ‘एसएनप्रिंटएफ’ची रीत वेगळी आहे. ते मावेल तेवढं लिहून एकूण किती अक्षरं लागली असती ते सांगतं. एकाची तपासणी दुसऱ्याला लावली की चूक पकडली जात नाही. आणखी एक : ‘स्ट्रफटाइम’मधला छोटा झेड (%z) हा वेळफरक +०५३० असा, अपूर्णविरामाशिवाय लिहितो. मध्ये ‘:’ हवं असेल तर ते स्वतः घालावं लागतं. बफर सरळ ६४ बाइटचा घ्या. इथे चार बाइट वाचवण्यात काहीच हशील नाही.

प्रश्न : डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपवरून वेळ वाचतो. सेकंद ९ नंतर एकदम १६ होतात आणि रात्री ११ वाजता तास ११३ दिसतो.

ही चिप आकडे बीसीडी पद्धतीत ठेवते : वरच्या चार बिटांत दशक, खालच्या चारांत एकक. तो बाइट साधी संख्या समजून छापला की ९ नंतर १६ येणारच. मजकूरच हवा असेल तर भागाकाराची गरज नाही. वरचे चार बिट उजवीकडे सरकवून त्यांत ४८ (इंग्रजी ‘0’ या अक्षराचा क्रमांक) मिळवा, खालच्या चारांतही ४८ मिळवा. दोन अक्षरं तयार.

११३ चं कारण तासाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या तासाच्या कप्प्यात आहे. चिप १२ तासांच्या पद्धतीवर असते तेव्हा बिट ६ चढलेला (१) असतो आणि बिट ५ दुपारनंतरची खूण असतो. हे दोन्ही दशकाच्या बिटांना चिकटून वाचले गेले. १२ तासांसाठी खालचे पाचच बिट घ्या, २४ तासांसाठी सहा. महिन्याच्या रजिस्टरमध्ये बिट ७ शतकाचा आहे, तोही पुसून मगच छापा.

सातही रजिस्टरं एकाच वाचनात घ्या. मिनिटं ९:५९:५९ ला वाचली आणि तास वेगळ्या वाचनात क्षणभरानं घेतला, तर १०:५९ मिळतं. पूर्ण तासाची चूक, आणि ती इतकी क्वचित दिसते की शोधताना जीव जातो. सलग वाचनात हा धोका राहत नाही, कारण सुरुवातीलाच चिप वेळेची प्रत बाजूला काढून ठेवते.

प्रश्न : पडद्यावर देवनागरी अंक हवेत. ४८ ऐवजी काय मिळवायचं?

नुसती बेरीज पुरत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक ३ बाइटांचा असतो : २२४, १६५ आणि तिसरा १६६ अधिक तो अंक. म्हणजे ‘७’साठी २२४, १६५, १७३. ‘०७-०३-२०२५’मध्ये ८ अंकांचे २४ बाइट, २ रेघा आणि शून्य बाइट, एकूण २७. ‘फेब्रुवारी’ शब्दाचे तर ३० बाइट होतात. म्हणून ‘प्रिंटएफ’मध्ये रुंदी १० देऊन रकाने जुळवायला जाऊ नका. ते बाइट मोजतं, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हे. तीच गोष्ट कापण्याची : मजकूर तीन बाइटांच्या मध्येच तुटला तर शेवटी चौकोन उमटतो.

प्रश्न : २९ डिसेंबर २०२५ च्या लॉग फाइलवर २०२६ पडलं. आधीचे दिवस ठीक.

फॉरमॅटमध्ये मोठ्या वायऐवजी (%Y) मोठा जी (%G) लिहिला गेलाय. जी म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजलेल्या आठवड्याचं वर्ष. ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो आठवडा पहिला. १ जानेवारी २०२६ गुरुवारी असल्यानं तो आठवडा सोमवारी, २९ डिसेंबरलाच सुरू झाला. जी फक्त आठवड्याच्या क्रमांकासोबत, म्हणजे मोठ्या व्हीबरोबर (%V) वापरा. तारखेसाठी नेहमी मोठा वाय.