व्यवसाय शिक्षणाचा निधी : मार्चअखेरची घाई आणि इतर प्रश्न

शाळांमधील व्यवसाय शिक्षण, आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी यांसाठी येणाऱ्या सरकारी निधीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची व संस्थांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत नववी-दहावीला बहुकौशल्य हा विषय आहे. साहित्याची रक्कम खात्यावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिसते आणि ३१ मार्चच्या आत खर्च करा, असा निरोप येतो. घाईत जे मिळेल ते आणावे लागते. हे टाळता येईल का? दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊन उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले, तर चालते का?
– एक मुख्याध्यापक, पाटण तालुका

मार्चमध्ये आपल्याला जे दिसते ती सहसा शाळेची शिल्लक नसते, ती खर्चाची मर्यादा असते. शाळांतील व्यवसाय विषयांचा हा निधी समग्र शिक्षा योजनेतून येतो. ही केंद्र पुरस्कृत योजना असून महाराष्ट्रात तिचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के भार राज्य उचलते. अंमलबजावणी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आहे. केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा राज्यात एकाच नोडल (निधी हाताळण्यासाठी नेमलेल्या) यंत्रणेच्या एकाच बँक खात्यात ठेवण्याची पद्धत १ जुलै २०२१ पासून लागू झाली आणि खालच्या स्तरावरची खाती शून्य शिलकीची झाली. जिल्ह्याला आणि शाळेला पीएफएमएस या संगणकीय प्रणालीवर मर्यादा ठरवून दिली जाते. शाळेने देयक मंजूर केले, की रक्कम मुख्य खात्यातून थेट पुरवठादाराकडे जाते. वर्ष संपताना मर्यादा परत घेतली गेली, तर शाळेच्या हाती काहीच उरत नाही. (काही योजनांना आता याच्याही पुढची, रिझर्व्ह बँकेतून थेट रक्कम अदा करण्याची एसएनए-स्पर्श पद्धत लागू झाली आहे.)

आता उशीर का होतो ते पाहू. केंद्र आपला वाटा एकरकमी देत नाही. २०२१ च्या कार्यपद्धतीनुसार वर्षाच्या तरतुदीपैकी एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के रक्कम सुटते आणि पुढची रक्कम मिळण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : राज्याने आपला हिस्सा जमा केलेला असावा आणि आधी मिळालेल्या एकूण रकमेपैकी किमान ७५ टक्के खर्च झालेला असावा. हा खर्च सगळ्या राज्याचा मिळून मोजला जातो. एखाद्या शाळेने ऑक्टोबरात साहित्य आणले, मुलांनी ते वापरलेही, पण देयक कपाटातील फाइलमध्येच राहिले, तर प्रणालीच्या लेखी तो खर्च झालेलाच नसतो. अशा अनेक शाळांची न चढलेली देयके मिळून पुढचा हप्ता मागे ढकलतात, आणि मग आपल्या शाळेच्या वाट्याला मार्चचा तिसरा आठवडा येतो. सगळा दोष शाळांचा आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. राज्याचा हिस्सा उशिरा जमा होणे हेही तितकेच मोठे कारण असते. मात्र शाळेच्या हातात जे आहे, ते हेच आहे.

म्हणून तयारी जूनमध्ये करावी. वर्षभरात कोणती प्रात्यक्षिके घ्यायची, प्रत्येकाला कोणते साहित्य किती लागते, मुले किती, याचा तक्ता व्यवसाय प्रशिक्षकाकडून लिहून घ्यावा. त्यावरून मागणी यादी करून खरेदी समितीच्या बैठकीत ठराव घ्यावा, दरपत्रके मागवावीत आणि ती किती दिवस ग्राह्य राहतील हे त्यांवर लिहून घ्यावे. पुरवठादाराचा बँक तपशील पीएफएमएसवर आधीच नोंदवून ठेवावा, कारण ऐन मार्चमध्ये ही नोंदणी अडली की मर्यादा असूनही रक्कम जात नाही. मंजुरी आणि निधी नसताना पुरवठा आदेश देऊ नये, हे खरे. पण या पूर्वतयारीला कोणताही नियम आड येत नाही. राज्याच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध केलेली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्यातील पुढच्या सुधारणा कार्यालयात हाताशी ठेवाव्यात.

मार्चमधली खरेदी वाईट ठरते ती निव्वळ हिशेबामुळे नव्हे. वेल्डिंगचे रॉडच घ्या. मार्चअखेर दहा पाकिटे आणली, परीक्षा संपल्या, शाळेला सुटी लागली. पाटणच्या पावसात ती पाकिटे जून-जुलैत पत्र्याच्या खोलीत पडून राहिली, तर रॉडवरील लेप ओल धरतो. मग मुलाने रॉड टेकवला, की आर्क धरत नाही, ठिणग्या उडतात, जोड सच्छिद्र होतो, आणि पहिल्यांदाच वेल्डिंग करणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यालाच हे जमत नाही. कागदावर हा खर्च निर्दोष असतो. पाकिटे घेणे भागच असेल, तर ती पॉलिथीनमध्ये घट्ट बांधून जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात ठेवावीत. मर्यादा मार्चमध्येच आली असेल, तर नासणारे साहित्य बेताचे घेऊन पाने, पकडी, मोजपट्ट्या, व्हर्निअर कॅलिपर अशी टिकाऊ हत्यारे घ्यावीत. अर्थात शीर्ष, म्हणजे रक्कम ज्या खर्चासाठी मंजूर आहे ते हिशेबातील सदर, तशी परवानगी देत असेल तरच. कच्च्या मालाच्या शीर्षातून हत्यारे घेतली, तर लेखापरीक्षणात आक्षेप येणारच.

आगाऊ रकमेबाबत उत्तर स्पष्ट आहे : चालत नाही. पुरवठादाराला दिलेली उचल हा खर्च नव्हे. माल आला, मोजून घेतला, साठा नोंदवहीत चढला, की मगच तो खर्च होतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १२-अ म्हणून दिला आहे. त्यावर सही करणारा अधिकारी रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरली गेली, असे लिहून देत असतो. न आलेल्या मालासाठी तसे लिहून देणे म्हणजे मुख्याध्यापकाने स्वतःच्या निवृत्तिवेतनाला धोका ओढवून घेणे. टिकाऊ वस्तूंसाठी जडवस्तू संग्रह नोंदवही आणि संपणाऱ्या मालासाठी वेगळी साठा नोंदवही ठेवावी, आणि दुसरीत प्रत्येक प्रात्यक्षिकाला किती माल दिला ते तारखेनिशी लिहावे. लेखापरीक्षणाच्या कामात मी अशा पुष्कळ नोंदवह्या पाहिल्या आहेत. ज्या शाळेत ही दुसरी नोंदवही नेमाने भरलेली दिसते, तिथे मुलांचे हात कामाला लागलेले असतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी एका सेवापुरवठादार संस्थेमार्फत शाळेत व्यवसाय प्रशिक्षक म्हणून काम करतो. मानधन तीन-तीन महिने मिळत नाही. शाळा संस्थेकडे बोट दाखवते आणि संस्था निधी आला नाही असे सांगते. दाद कोणाकडे मागावी?
– एक प्रशिक्षक, खटाव तालुका

या व्यवस्थेतील सर्वांत दुबळी कडी आपण आहात आणि सर्वांत गरजेचेही आपणच आहात, त्यामुळे आपला प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. प्रशिक्षकच सोडून गेला, तर यंत्रे आणि साहित्य यांवर झालेला सगळा खर्च व्यर्थ जातो.

मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेले आपले मासिक हजेरीपत्रक वेळेत गेले का, याची खात्री प्रथम करा. अनेकदा विलंब इथेच सुरू होतो. एका शाळेचे पत्रक राहिले, की संस्था गटातील सगळ्यांचे एकत्रित देयक थांबवते. पत्रकाची पोच घेऊन तिची प्रत स्वतःकडे ठेवा. त्यानंतर संस्थेला लेखी विचारा की अमुक महिन्याचे देयक तिने कोणत्या तारखेला सादर केले. तोंडी विचारणेला तोंडी उत्तर मिळते आणि ते पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. संस्थेशी झालेल्या करारात मानधन किती दिवसांत द्यायचे, ते लिहिलेले असते. निधी येवो न येवो, अमुक तारखेपर्यंत मानधन द्यावे अशी अट त्यात असेल, तर ‘निधी आला नाही’ हे कारण आपल्यासमोर टिकत नाही. ही सर्व कागदपत्रे जोडून जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे अर्ज करावा आणि त्याची प्रत समग्र शिक्षेच्या राज्य प्रकल्प कार्यालयाला पाठवावी. पाच-दहा शाळांच्या प्रशिक्षकांनी तारखांसह एकत्रित तक्ता दिला, तर संस्थेच्या पुढच्या नेमणुकीच्या वेळी तो निश्चितच विचारात घेतला जाईल.

प्रश्न : मुलगा आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. करारात विद्यावेतन ७,००० रुपये लिहिले आहे, पण कंपनीकडून ५,५०० रुपयेच जमा होतात. उरलेले कापले जातात का?
– एक पालक, पलूस तालुका

बहुधा नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ खालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका भार उचलते. पूर्वी कंपनी पूर्ण रक्कम देऊन सरकारकडून परतावा मागत असे. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. ७,००० चा चौथा हिस्सा १,७५० होतो, परंतु मर्यादा १,५०० ची असल्याने कंपनीने ५,५०० देणे हा हिशेब बरोबर जुळतो.

आता उरलेले १,५०० रुपये मुलाच्या दुसऱ्या एखाद्या खात्यात जात आहेत का, ते पाहावे. ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि पुष्कळ मुलांचे आधार शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्याशीच जोडलेले असते. तिथेही काही नसेल, तर कंपनीने शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर दरमहा हजेरी आणि आपल्या हिश्श्याची नोंद केली आहे का, हे मनुष्यबळ विभागात विचारावे. तरीही उलगडा झाला नाही, तर करारपत्र आणि पासबुकाच्या प्रती घेऊन शासकीय आयटीआयमधील शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रात जावे. सहायक प्रशिक्षणार्थी सल्लागार हे काम पाहतात.

प्रश्न : गावातील शाळेच्या कार्यशाळेला थ्री-फेज वीज नाही, त्यामुळे आलेले यंत्र खोक्यातच आहे. जिल्हा नियोजन समितीकडून निधी मिळेल का? जवळचा साखर कारखाना सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून) मदत करू शकेल का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका

यंत्र आधी आणि वीज नंतर, हा क्रम मला फार खटकतो; मागणीपत्रात जोडणीची सोय आहे का, हा एक रकाना सक्तीचा केला, तरी बरेच नुकसान टळेल. जिल्हा नियोजन समितीबाबत उत्तर शाळा कोणाची आहे यावर ठरते. जिल्हा परिषदेची शाळा असेल, तर शिक्षण विभागामार्फत प्रस्ताव जाऊ शकतो. खासगी अनुदानित शाळेसाठी वाट अरुंद असते आणि संस्थेने स्वतः खर्च करणे बहुधा लवकर होते. प्रस्तावासोबत अंदाजपत्रक, वीज कंपनीचे कोटेशन आणि ठराव हवा, कारण तांत्रिक व प्रशासकीय मान्यता त्यांशिवाय मिळत नाही. पुढील वर्षाचा जिल्हा आराखडा आदल्या हिवाळ्यातच आकार घेतो, म्हणून प्रस्ताव दिवाळीच्या आसपास दाखल झालेला बरा.

साखर कारखान्याविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. सीएसआरचे बंधन कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ खाली येते आणि ते कंपन्यांना लागू आहे. आपल्या भागातील बहुसंख्य कारखाने सहकारी संस्था आहेत; त्यांना ते बंधन नाही. खासगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि त्याची उलाढाल १,००० कोटी, नक्त मूल्य ५०० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत किंवा त्यापुढे पोहोचत असेल, तर रोजगारक्षम कौशल्यांचे शिक्षण हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मान्य असलेले काम आहे. सहकारी कारखान्याकडे मात्र सभासदांच्या मुलांसाठी मदत म्हणून विनंती करावी, हक्क म्हणून नव्हे.

प्रश्न : आमच्या आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर माझी नुकतीच नेमणूक झाली. जुने अडीच कोटी रुपये अनुदान होते की कर्ज, यावर सदस्यांत एकमत नाही.
– एक उद्योजक, कुपवाड

ते कर्ज आहे. २००७-०८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेत देशातील १,३९६ शासकीय आयटीआयच्या समित्यांना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले. पहिली दहा वर्षे सवलतीची आणि त्यानंतर वीस समान वार्षिक हप्ते. पूर्ण रक्कम घेतली असेल, तर वर्षाला साडेबारा लाखांचा हप्ता येतो. समितीचे अध्यक्ष उद्योगाचे प्रतिनिधी आणि सदस्य-सचिव प्राचार्य असतात, म्हणून परतफेडीचे नियोजन प्राचार्यांवर सोडून चालत नाही.

पहिल्या बैठकीतच तीन कागद मागवावेत : मूळ संस्था विकास आराखडा, आजवरच्या हप्त्यांचा तक्ता आणि ठेवींच्या पावत्या. मग आराखड्यातील यंत्रांची यादी हातात घेऊन कार्यशाळेत फिरावे आणि बंद यंत्रांसमोर ती कधीपासून व कशामुळे बंद आहेत, ते लिहावे. केंद्र, राज्य आणि उद्योग मिळून ६०,००० कोटी रुपयांची आयटीआय उन्नयनाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केली आहे. तिच्यात १,००० संस्था मुख्य केंद्र आणि उपकेंद्र अशा रचनेत घ्यायच्या आहेत. आपल्या संस्थेची वर्णी लागावी असे वाटत असेल, तर आधीच्या कर्जाचा हिशेब आणि बंद यंत्रांची ही यादी आतापासून तयार हवी.