खुर्ची भरलेली, तरी हाती काही उरत नाही

प्रश्न : मी दंतवैद्य असून सात वर्षांपासून स्वतःचा दवाखाना चालवते. दोन खुर्च्या, दोन असिस्टंट आणि रिसेप्शनवर एक जण एवढा व्याप आहे. रुग्णांची कमतरता नाही, पण भाडे, पगार, दातांच्या कॅप बनवून देणाऱ्या लॅबची बिले आणि यंत्रांचे हप्ते भागवल्यावर फारसे काही शिल्लक राहत नाही. त्यातच गेल्या दीड वर्षात तीन असिस्टंट काम सोडून गेल्या. फीमध्ये सवलत देऊन रुग्ण वाढवावेत असे काही जण सुचवतात, तर स्वस्त लॅब शोधावी असे काहींचे म्हणणे आहे. सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : हे दोन्ही सल्ले आपण बाजूला ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. समजा, जमा होणाऱ्या प्रत्येक 100 रुपयांपैकी 80 खर्चात जातात आणि 20 उरतात. सरसकट 10 टक्के सवलत दिली तर जमा 90 होते, खर्च मात्र 80 च राहतो, म्हणजे नफा थेट निम्म्यावर येतो. तो भरून काढण्यासाठी जे जास्तीचे रुग्ण लागतील ते आपल्याच पाठीवर आणि मानेवर येतील. स्वस्त लॅबचेही तसेच आहे. कॅप नीट बसली नाही की पुन्हा माप, पुन्हा भूल, पुन्हा अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासाची किंमत लॅबच्या बिलात कधीच दिसत नाही.

तेव्हा प्रथम खुर्चीच्या तासाचा हिशेब करावा. रोज 8 तास आणि महिन्याला 25 दिवस धरले तर एका खुर्चीचे 200 तास होतात. भाडे, पगार, वीज, हप्ते यांसारखा जो खर्च रुग्ण आला काय नि न आला काय, ठरलेलाच असतो, तो या तासांवर वाटावा. त्यात आपले स्वतःचे मानधनही धरावे; दुसऱ्या दंतवैद्याने हेच काम केले असते तर त्याला जे द्यावे लागले असते, तेवढे. हे मानधन वजा केल्यानंतर जे उरते, त्यालाच नफा म्हणायचे. अनेक दवाखान्यांत डॉक्टरांच्या कष्टाचे पैसेच नफा समजले जातात आणि त्यामुळे दवाखाना तोट्यात असल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही.

नंतर दोन आठवडे प्रत्यक्ष नोंद ठेवावी. 200 पैकी 130 तासच काम होत असेल, तर कामाच्या प्रत्येक तासावर पडणारा ठरलेल्या खर्चाचा बोजा दीडपटीहून अधिक होतो. उरलेले तास कोठे जातात, हे खुर्चीजवळ उभे राहिले की दिसते. रुग्ण तोंड उघडून पडून आहे, भूल चढलेली आहे आणि असिस्टंट एकामागून एक खण उघडून रबर डॅमचा क्लॅम्प, म्हणजे दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबराचा पडदा पकडून धरणारा चिमटा, शोधत आहे. किंवा कॅप बसवून घेण्यासाठी रुग्ण कामावरून रजा काढून आलेला आहे आणि कॅप लॅबमधून आलेलीच नाही, हे त्याला खुर्चीत बसवल्यावर समजते. प्रत्येक उपचाराचा ट्रे आधीच लावून ठेवला आणि उद्याच्या रुग्णांचे लॅबचे काम आज संध्याकाळी तपासले, तर या दोन्ही गोष्टी टळतात. अर्थात, वेळ वाचवण्यासाठी निर्जंतुकीकरणाला कधीही हात लावू नये. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 134 अंशांवर किमान 3 मिनिटे किंवा 121 अंशांवर 15 मिनिटे ही पूर्ण झालीच पाहिजेत. घाई होत असेल तर हत्यारांचे संच वाढवावेत.

अर्धवट राहिलेल्या उपचारांची यादीही काढावी. रूट कॅनॉल झाले, दुखणे थांबले आणि रुग्ण कॅपसाठी परतलाच नाही, असे प्रत्येक दवाखान्यात घडते. अशी दाढ पुढे चावताना उभी चिरली की बहुतेक वेळा काढावीच लागते. म्हणून त्या रुग्णाला आठवणीचा फोन करणे यात मला संकोचण्यासारखे काही दिसत नाही. तो त्याच्या दाताच्या हिताचा फोन आहे, आणि आपले रिकामे तासही त्यातूनच भरतात. मात्र गरज नसलेला उपचार सुचवून ते भरण्याचा विचारही मनात येऊ देऊ नये.

आता असिस्टंट सोडून जाण्याविषयी. सुरुवातीची काही वर्षे मी स्वतः चुकीचा ट्रे हाती आला की रुग्णासमोरच असिस्टंटवर चिडत असे. एक अतिशय हुशार मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हा जाताना तिने पगाराचा विषयही काढला नाही. काय चुकले ते रोज ऐकायला मिळते, पण कसे करायचे ते कोणी शिकवत नाही, एवढेच तिने सांगितले. ते आजही मला बोचते. तेव्हापासून सकाळी पहिल्या रुग्णाआधी 10 मिनिटे सगळ्यांनी एकत्र उभे राहायचे आणि आज कोण येणार, कोणाला भीती वाटते, कोणाची बाकी राहिली आहे, हे पाहायचे असा नियम मी केला. चूक झाली तर ती दिवस संपल्यावर, दार लावून सांगायची. आणि डॉक्टरांनी स्वतः वेळेवर यायचे. आपण 20 मिनिटे उशिरा येणार असू, तर रिसेप्शनवरच्या व्यक्तीने रुग्णांना वेळ पाळायला कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रश्न : सहकारी डॉक्टर नेमताना ठरावीक पगार द्यावा की टक्केवारी?

उत्तर : दोन्ही चालते. टक्केवारी ठरवल्यास ती प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेतून लॅबचा खर्च वजा करून द्यावी आणि काम पुन्हा करावे लागले तर तो खर्च कोणी सोसायचा, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे. टक्केवारीमुळे मोठ्या उपचारांकडे कल झुकण्याचा धोका असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा दोघांनी एकत्र बसून सुचवलेले उपचार एक्स-रे समोर ठेवून पडताळावेत. आपले उपचारही त्याच बैठकीत त्यांच्यासमोर ठेवावेत.